धार पाहायचा कागद

आत्मकथन लिहायला माणूस सत्तरीला टेकलेला असावा, असं मला एका प्रकाशकांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, माझं वय कमी असेल, पण माझ्या गावाचं संपलेलं आहे. जे गाव मी लहानपणी पायांनी पाहिलं, त्याच्यावरून आज मासेमारीचे डोंगे जातात. त्यामुळे मला लिहायला खरं तर उशीरच झाला आहे. गावाचं नाव मी इथं घालत नाही. नाव वाचून तुम्हाला तिथं जाता येणार नाही, आणि ज्यांनी ते कागदोपत्री मिटवलं त्यांना ते पाठ आहे.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आम्हाला उचलून एका माळावर नेऊन बसवलं. त्या वस्तीबद्दल पाहुण्यांना पहिल्यांदा आवडायची ती गोष्ट म्हणजे तिथले रस्ते. सरळ आणि रुंद. मला त्या रस्त्यांचा राग होता. गावात गल्ली इतकी अरुंद होती की शेजारच्या घरात भाताला उकळी आली तर झाकणाचा आवाज आमच्या घरात यायचा, आणि कुणाच्या घरी मरळ शिजते आहे आणि कुणाच्या घरी नुसती लाखोळीची डाळ, हे विचारावं लागत नसे. वस्तीत समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. ओरडून माणूस कामाचंच बोलतो. हळूहळू तेही थांबलं. आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे, पाणी चार कोसांवर ठेवून आमचं पोट कसं भरावं, याचा विचार त्या रस्त्यांच्या नकाशात नव्हता. लोक काठावर झोपड्या टाकून राहायला गेले, कुणी नागपुरात मजुरीला गेले, आणि घरांना कुलपं लागली. कुलपांवर पावसाळ्यात गंज चढे, उन्हाळ्यात तो वाऱ्यानं झडे. मी कॉलेजात जाऊ लागले त्या सुमारास आमच्या ओळीत दोनच चुली पेटत होत्या. एक सुमनकाकूंची आणि एक आमची.

आमच्या चुलीपाशीही आई क्वचितच असे. ती दिघोरीला मामाच्या शेतावर रोवणीला जायची, मग निंदणाला थांबायची, मग कापणीपर्यंत कशाला यायचं म्हणून राहायची. भांडण नव्हतं. एकदा तिला मी फोनवर विचारलं, तू येत का नाहीस, तर ती म्हणाली, "तुमी दोघंही मुके. तिथं मले माह्याच भांड्यायचा आवाज येते, दुसरा काई येत नाई." मला तिचा राग आला. मुके आम्ही नव्हतो. आम्हाला मुकं केलं होतं, असं मी तेव्हा ठासून सांगत असे. ते मी आजही सांगते, फक्त आता आईचं म्हणणंही त्याच्या शेजारी ठेवते.

माझे बाबा बोलणारे होते. गाव बुडायच्या आधीची जी काही वर्षं मला आठवतात त्यांत बाबा कायम उभे असतात आणि बाकीचे बसलेले. ते धरणाच्या लढ्याची पत्रकं लिहीत. रात्रशाळेत शिकलेलं त्यांचं मराठी होतं, पण वाक्य लिहिलं की त्यात कुठं सांध राहत नसे. गावोगाव वर्गणी काढून ती पत्रकं छापली होती, चांगल्या जाड कागदावर, कारण बाबांचं म्हणणं होतं की पातळ कागदावरचं बोलणं लोक पातळच समजतात. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. माझ्या वहीला कव्हर पत्रकाचं, भाकरीखाली पत्रक, फणीतली लीख मारायला मांडीवर पसरलेलं पत्रक. "बंधुभगिनींनो, आम्ही पाण्याच्या विरोधात नाही. पाणी आमचं पोट आहे. आम्हाला विचारलं का, एवढंच आम्ही विचारतो." हे मला कवितेआधी पाठ झालं. लोक विचारतात तुमच्या लिहिण्यात एवढी धग कुठून येते. मी म्हणते, मला गोष्टी सांगून झोपवलेलं नाही, निवेदन वाचून झोपवलेलं आहे.

त्या काळातली एक गोष्ट मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. शाळेच्या पटांगणात धरणाची सुनावणी होती. मांडव, सतरंज्या, आणि समोर टेबल मांडून बसलेले मोठे साहेब. बाबांनी आधी एक पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं आणि मग दुसरं हातात धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी लहान, पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेली, त्यामुळे मोठ्यांची तोंडं मला दिसत नव्हती, टेबलाचे पाय दिसत होते. पटांगण उंचसखल होतं. साहेबांनी कोपर टेकवलं की टेबल डुगडुगे. मग साहेबांचे हात खाली आले. हातांत बाबांचं पत्रक होतं, घडीवर घडी घातलेलं. त्यांनी ते टेबलाच्या पायाखाली सरकवलं, टेबल हलवून पाहिलं, आणि ते हात पुन्हा वर गेले. बाबा वाचतच होते. साहेबांना राग आला होता असं नव्हे, त्यांनी मुद्दाम अपमान केला असंही नव्हे. टेबल हलत होतं आणि हाताशी कागद होता. मोठी झाल्यावर मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला. बाबांची नजर वाचताना कागदावर होती, म्हणून त्यांना ते दिसलं नाही, अशी माझी खात्री होती, आणि ते त्यांना कधी कळू नये असं मी ठरवलं होतं.

लढा हरला असं कुणी म्हटलं नाही. बैठकीला येणारी माणसं कमी होत गेली. शेवटच्या बैठकीला मी, बाबा आणि चहाचं भरलेलं पातेलं, एवढेच होतो. त्यानंतर बाबा नागपुरात कामाला गेले, आणि परत आले ते एक लोखंडी पेटी घेऊन. पेटीत कानशी होत्या, धार लावायचे दगड होते, पितळेच्या कांड्या होत्या. तिथं ते एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली राहिले होते. तो माणूस हातानं शिकारीच्या सुऱ्या घडवायचा, एकेक महिनोन्महिने, आणि पात्यावर आपली खूण ठोकायचा. तो थकल्यावर त्याच्याकडची दुरुस्तीची कामं बाबांकडे येऊ लागली. नागपुरात शब्बीरभाई म्हणून दुकानदार होते, ते पार्सल पाठवत.

शिकार या देशात कायद्यानं बंद आहे. शिकारीच्या सुऱ्यांचा शौक मात्र बंद नाही. वाघ तर सोडाच, ज्यांनी कोंबडीही स्वतः कापलेली नाही अशा लोकांच्या सुऱ्या आमच्या घरी येत. कुणाच्या आजोबांची, कुणी परदेशातून मागवलेली, कुणाला निवृत्तीला भेट मिळालेली. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली एक आली होती, ती पाहून मी जेवण विसरले होते. हे मी लपवत नाही. मालकांचा मला तिरस्कार होता आणि वस्तूंवर माझा जीव जडत होता. चांगली घडवलेली सुरी हातात घेतली की आपला हात शहाणा झाल्यासारखा वाटतो.

काम असं चाले. बाबा आधी मूठ उतरवत. पितळी पिना मागून ठोकून काढत, जुना डिंक खरवडत. सांबराच्या शिंगाची मूठ असली तर ते सुरी तशीच परत पाठवत. शिंगाला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम होता आणि शब्बीरभाई त्यावर फोनवर पुष्कळ चिडत. नवी मूठ ते तेंदूच्या गाभ्याची करत. तेंदूची पानं विडीला जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जुन्या झाडाच्या पोटातलं लाकूड कोळशासारखं काळं आणि दगडासारखं जड असतं. पात्यावरचा गंज तेलात बुडवलेल्या बारीक तारेच्या लोकरीनं काढायचा, आणि मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहून. मशीनचं चाक ते लावत नसत. चाकावर पातं तापतं, आणि तापलं की त्याला दिलेलं पाणी उतरतं. मग ती सुरी दिसायला चकचकीत आणि कामाला मऊ होते. म्हणून सगळं हातानं, मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं. सर्र, सर्र. वस्तीच्या त्या दुपारी मला दुसरा आवाज आठवत नाही. कुठं पाण्याच्या टाकीचा पंप सुरू झाला तर आम्ही दोघंही मान वर करायचो, कुणी आल्यासारखी.

शेवटचा हात माझा असे. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पातं खिडकीच्या उजेडात तिरपं धरून राहिलेले ओरखडे शोधायचे आणि ते बोटानं दाखवायचे, हे काम माझं. "इथं," मी म्हणायची. ते घासायचे. "आता?" "आहे अजून." तेवढंच आमचं बोलणं, पण ते बोलणंच होतं.

आणि घरचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेली सुरी एक काम केल्याशिवाय घराबाहेर जात नसे. कारागिराकडून शिकलेला नव्हे, बाबांचा स्वतःचा. "कामाशिवाय जाईल तं परत भिंतीवर लटकेल," ते म्हणत. "हिले माहीत तं व्हावं आपून कायच्यासाठी हाओत." त्यामुळे देशभरातल्या मोठमोठ्या लोकांच्या सुऱ्यांनी पहिली कामगिरी आमच्या चुलीपाशी बजावली. कुणाच्या सुरीनं अंबाडी चिरली, कुणाच्या सुरीनं जाळ्याची दोरी कापली, आणि काठावरून कुणी मासा आणून दिला असेल तर मासा. मी पावशी, म्हणजे विळी, पायाखाली घेऊन बसायची सोडून त्या सुऱ्यांनी मरळ साफ करायची. शब्बीरभाईंना हे कळलं असतं तर त्यांना चक्कर आली असती.

पण माशाच्या आधी धार पाहायची असते, आणि ती कागदावर पाहतात. कागद एका हातानं हवेत धरायचा आणि सुरी वरून खाली आणायची. धार एकसारखी असेल तर पट्टी आवाज न करता गळून पडते. कुठं बारीक खोट असेल तर तिथं कागद अडतो आणि फाटतो. त्यासाठी कागद जरा जाड लागतो. आमच्या घरात जाड कागद एकच होता.

लहानपणी मला त्याचं काही वाटलं नसेल. पत्रकांचे गठ्ठे खताच्या पिशव्यांत भरून खाटेखाली होते, आणि ते संपतील असं वाटत नव्हतं. कॉलेजच्या वर्षी एकदा खाली वाकून पाहिलं तर एकच गठ्ठा उरला होता, तोही अर्धा. त्याच दुपारी बाबा ओट्यावर बसून एका लांब सुरीनं पट्ट्या पाडत होते. त्यांच्या पायाशी पडलेल्या पट्टीवर मला "बंधुभगिनींनो" दिसलं. मी जाऊन कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बाबा, यावर धार पाहू नका."

"मंग कायच्यावर पाहू?"

"रद्दीचे पेपर आहेत ना."

"पेपरचा कागद पोचट. हा बरा हाये. बरा छापला होता आपण."

"हे लोकांनी वाचायला छापलं होतं."

"वाचलं ना लोकायनं," बाबा म्हणाले. आवाज चढवून नाही. ते शब्द त्यांनी पट्टीसारखे खाली टाकले आणि दुसरा कागद घेतला.

मी तेव्हा पवनीच्या कॉलेजात भाषणं करत होते, भित्तिपत्रक काढत होते, माझ्याशी वाद घालायला पोरं घाबरत. घरी मात्र मी सरळ खाटेखाली वाकले. मी उरलेला गठ्ठा खाटेखालून काढून फळीवर ठेवला, डोळ्यांपुढं. बाबांनी अडवलं नाही. लागला की ते फळीवरून कागद घेत. मला त्यांच्याकडून कागद नको होते. मला तो माणूस परत हवा होता जो कागद हातात धरून उभा राहायचा, आणि गठ्ठा संपला की तोही संपणार असं मला दिसत होतं.

अशात ती सुरी आली. पार्सल उघडलं तेव्हा चामड्याच्या म्यानाचा कुबट वास घरभर झाला. शब्बीरभाईंचा फोन बाबांनी स्पीकरवर ठेवला होता. "सुखदेवभाई, ज़रा ध्यान से करना. बहुत बड़े साहब रह चुके हैं, आप ही के इलाक़े में थे." त्यांनी नाव सांगितलं. माझ्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. सुनावणीच्या टेबलामागच्या साहेबांचं ते नाव आमच्या घरात पत्रकांवर छापलेलं होतं.

"हव," बाबा फोनवर म्हणाले. "ओळखतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "परत पाठवा."

"काहून?"

"काहून काय? कोण आहे तो, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत हाये." ते सुरी म्यानातून ओढत होते, ती निघत नव्हती. "चामड्यात ठेवते का कोनी सुरी वर्षानुवर्षं? चामडं पाणी धरते. पाह्य, कशी खाल्ली."

"शिंगाची मूठ असली तर परत पाठवता. मग ही का नाही?"

"शिंगाचा गुन्हा मुठीतच रायते. हिचा काय गुन्हा हाये?"

"मी हिला हात लावणार नाही. बघणारसुद्धा नाही."

"नोको लावू," बाबा म्हणाले.

त्यानंतर घरात बोलणं नावापुरतंही राहिलं नाही. मी सकाळी भात टाकायची, झाकून ठेवायची आणि बसला जायची. परत यायची तेव्हा बाबा ओट्यावर तसेच बसलेले, सुरी लाकडी ठोकळ्याला बांधलेली. सर्र, सर्र. इतर सुऱ्यांना लावला नसेल एवढा वेळ त्यांनी तिला लावला. दिसत नव्हतं म्हणून ते अंगठ्याचं नख पात्यावरून फिरवून ओरखडे शोधत, आणि सापडला की पुन्हा पहिल्यापासून घासत. मी आत बसून पुस्तक उघडून तो आवाज ऐकत असे. त्यांना उठून विचारावं, इतकं जीव ओतून कुणासाठी करता, असं रोज वाटे. वस्तीत इतकी जागा होती, आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत एकमेकांना चुकवत होतो.

सुमनकाकू नळावर भेटल्या. "काय वो वने, बापलेकीचा संप चालू हाये का? मागण्या तं सांगा, मी मध्यस्ती करतो."

"मागणी एकच आहे काकू."

"मंग नाई होत मंजूर. एकच मागणी असली का सरकार लांबवते," काकू म्हणाल्या आणि घागर कमरेवर घेऊन गेल्या. त्यांच्याशी बोलून मला हसू आलं, आणि घरी येईपर्यंत ते पुसलं गेलं, कारण वाटेत ते दाखवायला कुणी नव्हतं.

एका सकाळी बाबा सुरी घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. काळी मूठ, मूठ-पात्याच्या सांध्यावर पितळी आड, आणि पात्यात खिडकी दिसत होती. "एकडाव पाहून घे," ते म्हणाले. "ओरखडा राह्यला का?"

बघणार नाही म्हटलं होतं, तरी मी पाहिलं. कारागिराच्या खुणेच्या शेजारी केसाएवढा एक ओरखडा होता.

"आहे," मी म्हटलं. "खुणेपाशी."

बाबांनी नखानं तो चाचपला. "राहू दे," ते म्हणाले. ओरखडा राहू दे असं त्यांनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

साहेब स्वतः येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी एक गाडी त्या रुंद रस्त्यावर आली, कुलूप लावलेल्या घरांसमोरून हळूहळू पुढं सरकत, नंबर वाचत. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि काठी टेकत एक म्हातारा माणूस उतरला. मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात ज्याला भाषण ऐकवत होते तो साहेब उंच होता, जाड भुवयांचा होता. हा माणूस आमच्या ओट्याची पायरी चढायला आधार शोधत होता. मी तो दिला नाही. बाबांनी दिला.

पाणी पिऊन ते बोलू लागले, आणि कितीतरी दिवसांत कुणाशी बोलले नसावेत तसे बोलले. सुरी त्यांना बदलीच्या वेळी भेट मिळाली होती. वापरली कधीच नाही. मुलगा परदेशात असतो, त्याला पाठवावी म्हटलं, तर तो म्हणाला, बाबा, विमानतळावर अडकेल, तुमच्याकडेच ठेवा. "तर म्हटलं निदान चांगली करून ठेवावी," ते म्हणाले. त्यांनी बाबांना ओळखलं नव्हतं. वस्तीकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "इथं माणसं राहत नाहीत का फारशी?"

"नाई रायत," बाबा म्हणाले.

बाबांनी सुरी दिली. साहेबांनी ती उजेडात फिरवली, त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जे सगळेच करतात ते केलं, हल्ली सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. स्टुलावर धार पाहायला काढून ठेवलेल्या कागदांतला वरचा कागद त्यांनी उचलला, डाव्या हातात उंच धरला आणि सुरी वर नेली. मी दारात होते. मी पाऊल उचललं.

पण बाबांचा हात आधी पोचला. त्यांनी साहेबांचं मनगट धरलं नाही. कागदच धरला, दुसऱ्या बाजूनं, सपाट पंजानं.

"याच्यावर नाई, साहेब."

"का? रद्दी आहे ना ही?"

"नाई."

बाबांनी कागद काढून घेतला, त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "वनिता," त्यांनी हाक मारली. "मरळ आन. राख बी आन."

काठावरच्या पोरांनी सकाळी दिलेली मरळ बादलीत होती. मी लाकडी पाट आणला, मासा ठेवला. साहेब गोंधळले. "मी? मला नाही येत हे."

"आमच्या घरून सुरी काम केल्याशिवाय जात नाई," बाबा म्हणाले.

मरळ बुळबुळीत असते, राखेशिवाय हातात ठरत नाही. मी शेपटी राखेनं धरली, कारण दुसरं कुणी धरणार नव्हतं, आणि माझ्यापुढं तो माणूस काठी बाजूला ठेवून पाटावर वाकला. पहिल्यांदा सुरी खवल्यांवरून घसरली. "कल्ल्याच्या मागून," मी म्हटलं. मला माझाच आवाज ऐकू आला. दुसऱ्यांदा सुरी बसली आणि एका ओढीत हाडासकट पार गेली. "गेली की," साहेब म्हणाले, लहान मुलासारखे, आणि वर पाहून हसले. आम्ही दोघंही हसलो नाही. हात पुसता पुसता त्यांची नजर बाबांच्या मांडीवरच्या कागदावर गेली, वरच्या मोठ्या अक्षरांवर, आणि तिथंच थांबली.

"तुमचं गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी नाव सांगितलं.

साहेब म्हणाले, "मी होतो तिकडे. सुनावणीला."

"हव. होते तुमी."

"आणि तुम्ही...?"

"मी बोलून राह्यलो होतो."

"मी काय म्हणालो होतो तेव्हा?" साहेबांनी विचारलं. मला वाटतं, ते खरंच विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं.

"तुमी काईच म्हनले नाई," बाबा म्हणाले.

ड्रायव्हर फाटकापाशी येऊन उभा राहिला. साहेबांनी काठी घेतली, उठले, आणि मग कागदाकडे बोट केलं. "यातला एक नेऊ का मी? वाचेन."

मी बाबांकडे पाहिलं. दिला असता तर मी कदाचित त्यांना कधी माफ केलं नसतं. नसता दिला तरी का, हे मला कळलं नसतं. बाबांच्या आवाजात ना राग होता, ना समाधान.

"तुमाले तवा देला होता, साहेब."

त्यांनी सुरी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, माशाचा मधला तुकडा पळसाच्या पानात बांधला, कापणाऱ्याचा वाटा म्हणून, आणि दोन्ही ड्रायव्हरच्या हातात दिलं. "चामड्यात ठेवू नोका," एवढं सांगितलं. गाडी गेली. त्या रस्त्यावर गाडी दिसेनाशी व्हायला फार वेळ लागतो.

मी राखेचे हात घेऊन तशीच उभी होते. "बाबा," मी म्हटलं, "तवा देला म्हणजे... तुम्हाला दिसलं होतं? टेबलाच्या पायाखाली?"

"माह्या समोरच तं होता टेबल. हालत होता. मंग हालायचा थांबला."

"तुम्हाला दिसलं आणि तुम्ही वाचत राहिलात?"

"लोकं ऐकून राह्यले होते ना बाई," बाबा म्हणाले.

माझ्या पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ सभा पाहिल्या, काही रिकाम्या, काही आपणहून रिकाम्या झालेल्या. बाबा आता नाहीत. लोखंडी पेटी माझ्या नागपूरच्या खोलीत आहे आणि तो अर्धा गठ्ठाही आहे. त्या दिवसानंतर त्यातला एकही कागद कमी झाला नाही. त्यांना रद्दीच्या पेपरवर धार नीट कळायची नाही, तरी ते त्याच्यावरच पाहत आणि कागद पोचट म्हणून कुरकुरत. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बाबांनी मांडीवरचा कागद माझ्यापुढं धरला.

"वाच. मले दिसत नाई आता."

मी हात धुऊन आले, त्यांच्याजवळ बसले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली, "आम्ही पाण्याच्या विरोधात नाही..."

"मोठ्यानं वाच."

"कोण ऐकणार आहे इथं?" मी म्हटलं. सुमनकाकूसुद्धा त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. समोर कुलपं होती.

"उभी राहून वाच," बाबा म्हणाले. "अन् मधातून नोको. बंधुभगिनींनो पासून."

मी उभी राहिले. ओट्याच्या कडेला आले, त्या रुंद, मोकळ्या रस्त्याकडे तोंड केलं, आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो."